फी माफ झाली, तरी पोरगी दिवाळीला परत आली

माणदेशी मास्तर · ११ मे, रात्री ९.४०

मंडळी, बारावीचा निकाल लागला. मी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. यंदा आमची विज्ञान शाखेची ४८ पोरं पास झाली. पेढे वाटून झाले, चौकात बॅनर लागले. यातली किती पुण्या-कोल्हापूरला शिकायला जाणार आणि किती गावात राहणार, हे आता दीड-दोन महिन्यांत ठरेल. धागा का काढला ते कळावं म्हणून गेल्या वर्षीची एक गोष्ट आधी सांगतो.

आमची एक विद्यार्थिनी. बारावीला ८१ टक्के, सीईटीतही चांगले गुण. घरची तीन एकर, सगळी पावसावरची. बाजरी, मटकी, आणि दारात सात-आठ शेळ्या. कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. त्याच वर्षी, ८ जुलै २०२४ ला, शासन निर्णय निघाला होता: आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. पोरगी ओबीसीतली. मी स्वतः तिच्या घरी जाऊन वडिलांना सांगितलं, "आबा, फी माफ आहे. आता फक्त पाठवायचं काम करा."

आबांनी पाठवली. शिक्षण शुल्क खरोखरच घेतलं नाही. पण 'इतर शुल्क' म्हणून १४,००० भरावे लागले. कॉलेजच्या वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती, खोली घेतली. महिना ३,८०० आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. मेस ३,२००. ड्रॉइंगचं साहित्य, कॅल्क्युलेटर, लॅबचा एप्रन वेगळा. गणपतीपर्यंत चार शेळ्या विकून झाल्या होत्या. आबांनी एकदाही माझ्यापाशी तोंड उघडलं नाही.

दिवाळीला पोरगी घरी आली ती बॅग, गादी, बादली सगळं घेऊनच. मला महिन्याभरानं कळलं. भेटायला गेलो तर तिची आई म्हणाली, "सर, डबा एक लावला होता तिनं. सकाळी निम्मा खायची, निम्मा रात्रीला ठेवायची. उन्हाळ्यागत उकडायचं तवा रात्रीपातुर भाजी आंबायची." पोरगी शेजारी बसून शेंगा फोडत होती. वर बघितलं नाही तिनं.

म्हणून इथल्या जाणत्यांना विचारतो. फी सोडून राहण्या-जेवणाचं काय? कोणत्या योजना खरोखर हाताला लागतात, त्यांचे कागद कधी आणि कुठे काढायचे, आणि पैसे येईपर्यंतचे महिने कसे काढायचे? यंदा मला "आता फक्त पाठवा" असं कुणाला म्हणायचं नाही.

---

खिडकी नंबर ३ · ११ मे, रात्री ११.१५

सर, मी एका अनुदानित महाविद्यालयात शिष्यवृत्ती विभागाची लिपिक आहे, १६ वर्षं झाली. तुमची पोस्ट दोनदा वाचली. आधी एक सांगा: तिचा महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज कुठे अडकला होता? पोर्टलवर लॉगिन करून बघा, स्टेटस दिसेल. फी घेतली नाही याचा अर्थ अर्ज मंजूर झाला असा होत नाही.

आता राहण्या-जेवणाचं. यासाठी चार वेगवेगळ्या योजना आहेत. कुणाला कोणती हे जातीच्या प्रवर्गावर ठरतं, आणि प्रत्येकीचा विभाग वेगळा. अनुसूचित जातीसाठी 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार'. अनुसूचित जमातीसाठी 'पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं'. ओबीसी, भटके विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार'. बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांचे आईवडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर आहेत त्यांच्यासाठी, 'डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता'.

तुमच्या विद्यार्थिनीसाठी यातली 'आधार' योजना होती. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. शहर लहान तशी रक्कम कमी, तालुक्याच्या गावी ३८,०००. इथे उत्पन्नाची मर्यादा आठ लाख नाही, अडीच लाख आहे. शिवाय जिल्ह्याला ६०० मुलांचाच कोटा, त्यामुळे गुणानुक्रम लागतो. हे नाव आमच्या खिडकीवर येणाऱ्या दहांतल्या आठ मुलांनी ऐकलेलं नसतं. फीची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आणि वसतिगृह किंवा स्वाधारचा अर्ज दुसऱ्याच पोर्टलवर, त्यामुळे पोरं एक फॉर्म भरतात आणि 'झालं' म्हणून मोकळी होतात.

अर्ज परत का जातात ते सांगते, कारण यातलं बहुतेक मे महिन्यात घरबसल्या दुरुस्त होतं.

सगळ्यात जास्त अर्ज नावावरून परत जातात. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव 'दत्तात्रय', आधारवर 'दत्तू', उत्पन्नाच्या दाखल्यावर 'दत्ता'. माणूस एकच, पण कागदावर तिघे. परवा एक मुलगा आईला घेऊन आला होता. तिच्या आधारवर माहेरचं नाव. ती बिचारी मला समजावत होती की मीच याची आई आहे. मला ठाऊक होतं हो, पण मला कागद पुढे पाठवायचा असतो.

दुसरं, उत्पन्नाचा दाखला. तहसीलदाराचाच लागतो, तलाठ्याचा अहवाल म्हणजे दाखला नव्हे. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते, सर्व्हर बसतो, पंधरा-पंधरा दिवस जातात. आत्ता काढा. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून, आणि जात पडताळणीचा अर्ज तर अकरावीतच टाकायला हवा. व्यावसायिक प्रवेशाच्या वेळी व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, नसेल तर आरक्षणाची जागा हातची जाते. मुलगा हुशार असून खुल्या प्रवर्गात फेकला गेला, असं दर वर्षी बघते.

तिसरं, आधारला जोडलेला मोबाइल नंबर. ओटीपी त्यावरच येतो. बऱ्याच मुलांच्या आधारला वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर असतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे कळलं की काही करता येत नाही.

आणि स्कॅन. कागदाची फाइल २५६ केबीच्या आत लागते. नेट कॅफेवाला लहान करून देतो ती इतकी लहान की शिक्का दिसत नाही. मग 'सेंड बॅक', म्हणजे अर्ज दुरुस्तीसाठी परत. मुलाला एसएमएस जातो, तो बघत नाही, मुदत संपते.

तुमच्यासारखे शिक्षक मे महिन्यात एवढं करून घेतील तर माझ्या खिडकीवर रडणारी निम्मी मुलं कमी होतील. मनापासून सांगते.

---

माणदेशी मास्तर · १२ मे, सकाळी ७.०५

ताई, आज सकाळीच तिच्या घरी जाऊन लॉगिन केलं. 'सेंड बॅक'. शेरा काय, तर वडिलांच्या नावात तफावत. ऑक्टोबरपासून तसाच पडलाय. एसएमएस आला होता आबांच्या फोनवर, आबांना वाचता येत नाही.

---

ओवी_शिरूर · १२ मे, दुपारी १.३०

माझ्या भावाचं वेगळंच झालं. आम्ही खुल्या प्रवर्गातले, शेती दीड एकर. त्याला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत निम्मी फी माफ झाली. उरलेली निम्मी वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून भरली. पंजाबराव देशमुख भत्त्याचं मला आत्ता या धाग्यावर कळतंय, तो तिसऱ्या वर्षाला गेला तेव्हा! अल्पभूधारकाचा दाखला कुठे मिळतो?

---

खिडकी नंबर ३ · १२ मे, दुपारी २.१०

@ओवी, तहसील कार्यालयातून. सातबारा आणि आठ-अ जोडून सेतूमध्येच अर्ज करा. पुढच्या वर्षासाठी तो अजून अर्ज करू शकतो, अटी एकदा वाचून घ्या. वसतिगृहात राहत असल्याचा किंवा भाडेकराराचा पुरावा लागेल. आणि मुलानं 'डे स्कॉलर'वर (घरून ये-जा करणारा) टिक केली नाही ना ते बघा. घाईत टिक चुकते आणि वर्षाचा भत्ता जातो.

---

काउंटरमागची · १२ मे, रात्री ८.५०

मी एका ग्रामीण शाखेत बँकेत काम करते. सर, अर्ज मंजूर झाल्यावरही पैसे न येण्याचं कारण बहुतेक वेळा आमच्याकडे असतं, आणि ते फार थोड्यांना नीट समजलेलं असतं.

पालक येतात, म्हणतात, "खात्याला आधार लिंक आहे." असतंही. केवायसीसाठी आधार दहा खात्यांना जोडलेलं असू शकतं. पण सरकारी पैसा खाते क्रमांक बघून येत नाही, आधार क्रमांक बघून येतो. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले पैसे इकडून तिकडे पोचवणारी संस्था, तिच्या यादीत तुमच्या आधारसमोर त्या घडीला एकाच बँकेचं नाव असतं. सर्वात शेवटी ज्या बँकेत तशी संमती दिली, ती बँक. त्यालाच सीडिंग म्हणतात.

गेल्या वर्षी एक मुलगा चार महिने आमच्या शाखेत खेटे घालत होता. पोर्टल म्हणत होतं पैसे जमा झाले, आमच्या पासबुकात काही नाही. तपासलं तर सीडिंग दुसरीकडेच. जत्रेत सिमकार्ड घेताना त्याच्याकडून अंगठा घेऊन एक मोबाइलवरचं खातं उघडलं होतं, त्याला माहीतही नव्हतं. पैसे तिथे सुखरूप पडले होते. तो मुलगा तोवर हॉटेलात रात्रीची भांडी घासून मेसचे पैसे भरत होता.

माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. प्रत्येक मुलाचं बघाच. आणखी दोन गोष्टी. शाळेत असताना उघडलेली काही खाती 'छोटी खाती' असतात. त्यात एका वेळी ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही, वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. मोठी रक्कम आली की अडकू शकते. मुलगा १८ चा झाला की पूर्ण केवायसी करून खातं नियमित करून घ्या. आणि दोन वर्षं खात्यावर व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं. शंभर रुपये भरून शंभर काढले तरी ते जिवंत राहतं.

---

वैनगंगाकाठ · १३ मे, सकाळी १०.२०

सगळी माहिती चांगली आहे, पण मला याचा त्रास होतो की गरिबी एक आणि दारं चार. भूक काय प्रवर्ग पाहून लागते का? आमच्या भंडाऱ्यात एकाच वर्गातली तीन मित्रं नागपूरला गेली, एका खोलीत राहिली. एकाला ६०,००० मिळाले, एकाचा जिल्ह्याच्या कोट्यात नंबर नाही लागला, तिसऱ्याला कोणती योजना हेच कुणी सांगितलं नाही. मग लोक म्हणतात कर्ज काढा. धानाच्या शेतकऱ्याला कर्जाचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो.

---

बोधिवृक्ष · १३ मे, सकाळी ११.४५

@वैनगंगाकाठ, तुमची तळमळ कळते आणि तिसऱ्या मित्राला हक्काचं मिळालं पाहिजे यात दुमत नाही. पण दारं वेगळी का झाली हेही ध्यानात असू द्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ ला सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं राहू दिलं जात नव्हतं त्यांच्यासाठी ती होती. बाबासाहेब स्वतः १९१३ ला कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. माझे वडील याच शिष्यवृत्तीवर मिलिंद कॉलेजात शिकले, घराण्यातले पहिले पदवीधर. त्यांनी ती पावती अजून जपून ठेवलीय.

त्रास वेगळ्या ठिकाणी आहे. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत आता केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा, आणि पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची. वाटे वेगवेगळ्या वेळी येतात. एक वाटा आला तेव्हा माझ्या पुतणीची आई दवाखान्यात होती. खात्यात पैसे दिसले, घरानं वापरले. कुणीही वापरले असते. वर्षाच्या शेवटी कॉलेजनं गुणपत्रिका अडवली. पोरगी दोषी ठरली. पैसे वेळेवर आणि एकदम आले असते तर हे झालं नसतं.

---

काउंटरमागची · १३ मे, दुपारी ४.००

कर्जाबद्दल एवढंच. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत ठरावीक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळाला तर तारण-जामिनाशिवाय कर्ज आहे, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांच्या कर्जापर्यंत व्याजात ३ टक्के सवलत. पण तुमची शिष्यवृत्ती बसत असताना आधी कर्जाकडे जाऊ नका. बँकेत काम करून हे सांगतेय.

---

सातपुड्यातला · १४ मे, रात्री १०.३०

नंदुरबार जिल्हा, धडगाव तालुका. आमच्याकडे महाविद्यालयात जाणारं पोरगं म्हणजे पाड्यातलं पहिलं किंवा दुसरं.

वर ओटीपीबद्दल लिहिलंय ते वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या पाड्यावर रेंज नाही. मी पुण्याला पदवीला होतो तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज सुट्टीत भरायचा होता. लहान भाऊ फोन घेऊन टेकडीवर चढायचा, ओटीपी आला की खाली मला ओरडून आकडे सांगायचा. पण खाली तरी नेट कुठे होतं? म्हणून मी धडगावला कॅफेत बसायचो आणि तो टेकडीवरून फोन करायचा. फोन लागेपर्यंत ओटीपीची वेळ संपायची. तीन दिवस गेले त्यात. शेवटी आधारला माझा स्वतःचा नंबर जोडला, तेव्हा सुटका झाली. दहावी झाल्या झाल्या मुलाचा स्वतःचा नंबर आधारला जोडा, बाकी सगळं नंतर.

शासकीय वसतिगृहाबद्दल. जागा मिळाली तर तिच्यासारखं काही नाही. पण आदिवासी वसतिगृहातल्या खाणावळी बंद करून २०१८ ला जेवणाचे पैसे खात्यावर द्यायला सुरुवात झाली. त्या वर्षी जुलैत मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती याच्या विरोधात. शहरातल्या माणसाला वाटतं, रोख पैसे मिळतात तर तक्रार काय? तक्रार ही की पैसे दोन-दोन महिने उशिरा येतात आणि भूक रोजची असते. खाणावळ होती तेव्हा ताट समोर यायचं. खात्यात पैसे आले की घरून फोनही यायचा, बियाणं घ्यायचंय, थोडे पाठव. नाही म्हणता येत नाही घराला.

मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीचं अर्ध्या डब्याचं वाचलं. आम्ही खोलीत पाच जण होतो, डबे तीन. वाटून खायचो. ती एकटी होती म्हणून तुटली. पहिल्या वर्षी गावाकडच्या पोरांना शक्यतो जोडीनं पाठवा, एकाच शहरात, जमल्यास एकाच खोलीत.

---

माणदेशी मास्तर · १५ मे, सकाळी ६.५०

@सातपुड्यातला, दादा, तुमचं शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं. हे मला सुचलंच नव्हतं. मी गुणांप्रमाणे एकेकाला 'चांगलं कॉलेज' सांगत होतो.

---

शिवाजीनगरची खोली · १५ मे, रात्री ९.१५

सर, मी बार्शीजवळच्या गावातली, आता पुण्यात नोकरीला. मी शिकले ती विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहून. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ ला ग्रामीण भागातल्या गरीब, होतकरू मुलांसाठी ही संस्था सुरू केली. मुली आणि मुलं दोघांची सोय आहे. बाजारभावाच्या मानानं फार थोड्या पैशांत राहणं आणि दोन वेळचं जेवण.

अर्ज भरल्यावर मुलाखत होते. माझ्या मुलाखतीला वडील धोतरात आले होते. बाहेर बाकावर बसले, आत यायला तयार नव्हते. मुलाखत घेणारे काका स्वतः बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसले आणि पावसापाण्याचं विचारलं. वडील आजही ते सांगतात.

तिथे कामं वाटून असायची, झाडलोट, वाढप, कार्यालयातली छोटी कामं. सकाळची प्रार्थना, श्रमदान. तेव्हा जिवावर यायचं. पण पहिल्या वर्षी मला इंग्रजीतलं एक अक्षर कळत नव्हतं, वर्गात रडू यायचं, तेव्हा खोलीतल्या वरच्या वर्गातल्या ताईनं रोज रात्री शब्दांचे अर्थ लिहून दिले. शिष्यवृत्तीनं मला हे दिलं नसतं.

मुलींसाठी आणखी दोन नावं. लीला पूनावाला फाउंडेशन पुणे, वर्धा, अमरावती, नाशिक या भागांत शिकणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती देतं. आणि एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, 'प्रगती': तांत्रिक पदवी-पदविकेच्या मुलींना वर्षाला ५०,०००, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्न आठ लाखांच्या आत. ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायची, महाडीबीटीवर नाही. दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकाच वेळी चालत नाहीत अशी अट बऱ्याच ठिकाणी असते, म्हणून कोणती घ्यायची ते आधी हिशेब करून ठरवा. शास्त्र शाखेत बीएस्सी करणारा कुणी बोर्डात पहिल्या एक टक्क्यात असेल तर 'इन्स्पायर' विसरू नका, वर्षाला ८०,००० ची आहे. गावाकडची हुशार पोरं सरसकट इंजिनिअरिंगला पळतात आणि ही सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

---

कृष्णाकाठचा नातू · १६ मे, रात्री ११.००

मास्तर, तुम्ही विचारलेला तिसरा प्रश्न राहूनच गेलाय: पैसे येईपर्यंत काय? प्रवेश जुलै-ऑगस्टला, आणि हप्ता येतो त्यानंतर कैक महिन्यांनी. यावर कोणतीच योजना नाही. पण आपल्याच जिल्ह्यात यावर एकदा उत्तर काढलेलं आहे.

माझे आजोबा साताऱ्यात कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगात होते. भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. अण्णा स्वतः कोल्हापुरात शिकले होते, शाहू महाराजांनी तिथे १९०१ पासून जातोजातींची बोर्डिंगं उभी केली, त्या दिवसांत. खेड्यातलं पोरगं फीपायी नाही, शहरात राहायला-खायला नाही म्हणून मागं राहतं, हे या माणसांनी तेव्हाच ओळखलं होतं.

बोर्डिंग चालायचं कशावर? अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा विकलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आजोबा सांगायचे ते मुठीचं. घराघरात बायका जात्यावर बसण्याआधी धान्यातली एक मूठ बाजूला काढून मडक्यात टाकायच्या. आठवड्याला बोर्डिंगची पोरं पोतं घेऊन यायची आणि ते धान्य गोळा करून न्यायची. आजोबा स्वतः पोतं घेऊन हिंडलेत. एका म्हातारीकडे त्या दिवशी मूठभरही नव्हतं, तर तिनं त्यांना तांब्याभर ताक पाजून पाठवलं. नव्वदाव्या वर्षी हे सांगताना त्यांचा गळा दाटायचा.

सरकारचा पैसा येणारच आहे, फक्त उशिरा. गावानं तेवढे चार महिने पोराला सांभाळायचं आणि पैसा आला की पोरानं तेवढा परत ठेवायचा, पुढच्यासाठी. तुमच्या तालुक्यात हे होईल. लोक दुष्काळात टँकर वाटून घेतात, हे का नाही वाटून घेणार?

---

ऱ्हाइनकाठ · १७ मे, पहाटे २.१०

जर्मनीतून लिहितोय. मूळ गाव सांगोल्याजवळ. वरची पोस्ट वाचून झोप लागेना. माझ्या पहिल्या वर्षाची खोली मामानं भरली होती, नाहीतर मीही दिवाळीला परतलो असतो. मला एका मुलाचे चार महिने द्यायचे आहेत. कसे देऊ?

---

माणदेशी मास्तर · १७ मे, सकाळी ६.३०

दादा, तुम्ही देतो म्हणालात हेच मोठं आहे. पण परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला संस्थेला कायद्यानं वेगळी परवानगी लागते, आणि मुळात आमच्याकडे नोंदणीकृत संस्थाच नाही. तुमचे सांगोल्याचे मामा इथल्या एका मुलाचं खोलीभाडं थेट घरमालकाला भरू शकतील का? मला व्यक्तिगत निरोप करा. आणि एक मागतो: महिन्यातून एकदा त्या मुलाला फोन करा. पैशांइतकीच त्याची गरज आहे.

---

माणदेशी मास्तर · २९ जून, रात्री १०.०५

मंडळी, दीड महिन्यात काय झालं ते सांगायला आलोय. उशीर झाला, माफ करा. माझे सगळे रविवार वर्गातच गेले.

शाळेच्या एका खोलीत दर रविवारी टेबल मांडलं. ४८ पैकी ३१ पोरं आली. पहिल्या रविवारी फक्त नावं जुळवली. ३१ पैकी १९ जणांच्या कागदांत कुठे ना कुठे नावाचा फरक निघाला. खिडकी नंबर ३ ताईंनी सांगितलं नसतं तर हे सगळे ऑक्टोबरात परत आले असते. दुसऱ्या रविवारी बँक सीडिंग. सहा जणांचं भलत्याच खात्याला. त्यातल्या दोघांना ते खातं आपलं आहे हेच ठाऊक नव्हतं, अगदी काउंटरमागची ताईंनी लिहिलं तसं. उत्पन्नाचे दाखले सगळ्यांचे हातात आहेत. जात पडताळणी चौघांची अडकली आहे, त्यासाठी आमचे एक सहकारी दर आठवड्याला साताऱ्याला जातात.

मुठीचं. ग्रामसभेत विषय मांडला. आधी शांतता. मग मागून एक आजी उठली आणि म्हणाली, "आमच्या सासूच्या घरात होतं मडकं. मी बघितलंया." त्यानंतर कुणाला समजवावं लागलं नाही. आता धान्य नाही, महिन्याला घरामागे शंभर रुपये, ज्याला जमेल त्यानं. विकास सोसायटीच्या दोन माजी सचिवांनी हिशेब धरलाय, दर महिन्याला मारुतीच्या देवळाच्या फळ्यावर लिहितात. आजच्या घडीला ६२ घरं. यातून यंदा पाच पोरांच्या पहिल्या चार महिन्यांना हातभार लागेल. शिष्यवृत्ती आली की पोरांनी परत ठेवायचे, पण नाही आली तर मागायचे नाहीत, हे मी ठरावात लिहून घेतलं. यावर वाद झाला, पण मी हटलो नाही. पैसा अडकला तर त्यात पोराचा दोष नसतो.

या पाचांपैकी तीन मुली आहेत, तिघी पुण्याला एका खोलीत राहतील. सातपुड्यातले दादा, तुमचंच ऐकलं.

आणि गेल्या वर्षीची आमची पोरगी. तिनं यंदा पुन्हा सीईटी दिली होती, मला न सांगता. शेंगा फोडत बसलेली असायची तेव्हा तिच्या मांडीखाली माझीच गणिताची वही असायची, हे आईनं आता सांगितलं. आबांच्या नावाची दुरुस्ती झाली, गॅपचं, म्हणजे मधल्या वाया गेलेल्या वर्षाचं, प्रतिज्ञापत्र केलं, 'आधार' योजनेचे सगळे कागद तयार आहेत. समितीच्या वसतिगृहाचा अर्जही भरलाय, मुलाखतीचं पत्र अजून यायचंय. सध्या रविवारच्या टेबलावर बाकीच्या पोरांचे स्कॅन तीच करते. शिक्का दिसला नाही तर परत करायला लावते, दोनदा, तीनदा.

आमचा स्कॅनर मात्र गेल्या रविवारी बंद पडला. फलटण किंवा दहिवडीकडे कुणाकडे वापरात नसलेला असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. कॅपचे अर्ज सुरू झालेत आणि अजून ११ पोरांचे कागद चढवायचे बाकी आहेत.